पाण्याच्या पैलतीरी

हैतीच्या क्रेयॉल भाषेत परदेशी जाण्यासाठी ‘शेशे लावी’ असा शब्दप्रयोग आहे आणि त्याचा सरळ अर्थ ‘जीवन शोधणे’ असा होतो. क्रेयॉल ही फ्रेंच शब्दसंपत्ती आणि आफ्रिकी भाषांची घडण यांच्या मिलाफातून, उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या तोंडी तयार झालेली भाषा. देशातील जवळजवळ प्रत्येक माणूस ती बोलतो, तरी फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा मान तिला १९८७च्या राज्यघटनेपर्यंत मिळाला नव्हता. याच भाषेत परदेशाला ‘लोत बो द्लो’, म्हणजे पाण्याची पलीकडची बाजू, असे म्हणतात. आफ्रिकी दैवते आणि कॅथलिक संत यांच्या एकत्र येण्यातून घडलेल्या वुडू या लोकधर्माच्या श्रद्धेनुसार माणसाचा आत्मा मृत्यूनंतर पाण्याखाली जातो आणि वर्ष व एक दिवस उलटल्यावर कुटुंबाने विधिपूर्वक बोलावले म्हणजे परत येतो. त्यामुळे पैलतीराला गेलेल्या माणसाने कधीतरी परत यायचे असते आणि मागे राहिलेल्यांनी त्याला बोलावत राहायचे असते, ही जाणीव हैतीच्या स्थलांतराला पहिल्यापासून चिकटलेली आहे.

जगाला हे स्थलांतर दिसते ते खचाखच भरलेल्या होड्या, पुलाखालचे तळ आणि सीमेवरच्या रांगा यांच्या छायाचित्रांतून. ही छायाचित्रे खोटी नाहीत, पण त्यांतून लोक कशापासून दूर जात आहेत एवढेच समजते; त्यांना काय हवे आहे हे समजत नाही. दारिद्र्य, भूकंप आणि बंदुका यांनी माणूस उंबरठ्याबाहेर लोटला जातो हे खरे असले, तरी त्याने कोणता देश निवडावा, कोणाला आधी पाठवावे, मिळालेल्या पैशाचे काय करावे आणि शेवटी कुठे टेकावे हे त्याच्या मनातल्या इच्छा ठरवतात. या इच्छांचा विचार केला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. हैती सोडणाऱ्या बहुसंख्य माणसांना हैतीतच मानाने जगता यावे असे वाटत आलेले आहे, आणि त्यासाठी लागणारे पैसे, शिक्षण किंवा सुरक्षितता देशात मिळत नाही म्हणून ती बाहेर पडत आलेली आहेत.

एके काळी हा प्रवाह उलट्या दिशेने वाहत होता, याचा आज विसर पडला आहे. सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला, नेपोलियनच्या सैन्याचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले. त्यानंतर अमेरिका खंडातील गुलामांच्या दृष्टीने हैती हीच आशेची भूमी ठरली. अध्यक्ष अलेक्झांद्र पेतियों यांच्या काळातील १८१६च्या राज्यघटनेने आफ्रिकी वंशाच्या कोणाही माणसाला हैतीत वास्तव्य आणि नागरिकत्व यांचा हक्क देऊ केला, जमैकातून होडीने पळून आलेल्या गुलामांना मालकाच्या हवाली करण्यास त्यांच्या सरकारने नकार दिला, आणि १८२०च्या दशकात अमेरिकेतील हजारो स्वतंत्र कृष्णवर्णीय लोक अध्यक्ष झाँ-पिएर ब्वायेर यांच्या निमंत्रणावरून हैतीत राहायला आले. होडीतून आलेल्या निराधारांना दार उघडे ठेवणारा हा देश होता.

या देशाच्या पायात बेडी पडली ती १८२५ मध्ये. युद्धनौका बंदराबाहेर उभ्या करून फ्रान्सने हैतीच्या स्वातंत्र्याला मान्यता देण्याच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, आणि ते मळे व गुलाम गमावलेल्या मालकांना भरपाई म्हणून द्यायचे होते. म्हणजे स्वतःची सुटका करून घेतलेल्या माणसांनी स्वतःचीच किंमत मोजायची होती. ही रक्कम १८३८ मध्ये ९ कोटींवर आणली गेली, पण ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांचा माग १९४७ पर्यंत संपला नाही. हे पैसे शेतकऱ्याच्या कॉफीवरील करातून उभे राहिले. मळ्यांकडे पाठ फिरवून डोंगरउतारावर स्वतःचा तुकडा कसणे ही गुलामीतून सुटलेल्या माणसाची पहिली इच्छा होती आणि त्याने ती पुरीही केली. मात्र त्या तुकड्याची वाटणी होत गेली, माती धुपत गेली आणि राजधानी पोर्तोप्रिन्स त्याच्याकडून घेत राहिली, देत काही नव्हती. या ग्रामीण माणसांना शहरी भाषेत ‘मून आंदेयो’, म्हणजे बाहेरची माणसे, असे म्हटले जाते. आपल्याच देशात बाहेरचे ठरलेल्यांना देशाबाहेर जाणे फार परके वाटू नये, हे समजण्यासारखे आहे.

अमेरिकेने १९१५ ते १९३४ हैती लष्करी ताब्यात ठेवला, आणि याच सुमारास क्युबा व डोमिनिकन रिपब्लिकमधील अमेरिकी भांडवलाच्या साखर कारखान्यांना तोडणी कामगार हवे होते. ज्यांच्या पणजोबांनी ऊस पेटवून स्वातंत्र्य मिळवले, ती तरुण मुले पुन्हा उसाच्या फडात उतरली, पण त्यांचा हेतू निराळा होता: चार हंगाम तोडणी करायची, पैसे साठवायचे आणि गावी येऊन जमीन घ्यायची. क्युबाहून परतलेल्यांना ‘व्हिएहो’ या स्पॅनिश शब्दावरून पडलेले एक खास नाव गावागावांत होते, आणि लेखक जाक रूमें यांच्या १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हैतीतील सर्वश्रेष्ठ मानल्या जाणाऱ्या कादंबरीचा नायक असाच क्युबाहून पंधरा वर्षांनी परतलेला तरुण असून तो दुष्काळी गावासाठी पाणी शोधतो. सीमेपलीकडच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये मात्र या आशेचा भयंकर शेवट झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये हुकूमशहा राफाएल त्रुहियो याच्या आदेशाने सैनिकांनी सीमाभागातील हजारो हैतीवासीयांना ठार मारले. कोथिंबिरीसारख्या एका भाजीचे स्पॅनिश नाव ज्याला नीट उच्चारता येईना तो परका, अशी खूण वापरल्याचे सांगितले जाते. तरीही तोडणीला जाणे थांबले नाही, आणि पुढे दोन्ही सरकारांनी करार करून माणसे पाठवण्याचा रीतसर धंदा चालवला.

शिकलेल्या वर्गाचे जाणे वेगळ्या कारणाने सुरू झाले. फ्रांस्वा द्युवालिए १९५७ मध्ये सत्तेवर आला, ‘तोंतों माकूत’ या नावाने ओळखली जाणारी त्याची खासगी सशस्त्र टोळी विरोधकांना गायब करू लागली, आणि डॉक्टर, शिक्षक, अभियंते देश सोडू लागले. बेल्जियमच्या ताब्यातून नुकत्याच सुटलेल्या काँगोला फ्रेंच जाणणारे कृष्णवर्णीय शिक्षक हवे होते, कॅनडातील क्वेबेक प्रांत आपल्या शाळा आणि रुग्णालये चर्चच्या हातून काढून नव्याने उभारत होता, आणि १९६५च्या कायद्याने अमेरिकेचे दारही किलकिले झाले होते. हुकूमशहा पडला की परतायचे, ही या लोकांची इच्छा होती, पण हुकूमशाही बापाकडून मुलाकडे गेली आणि २९ वर्षे टिकली. झाँ-क्लोद द्युवालिए ७ फेब्रुवारी १९८६ रोजी पळाला तेव्हा अनेक जण खरोखरच परतले; पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९८७ रोजी, मतदानासाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि निवडणूक रद्द झाली. आज हैतीच्या उच्चशिक्षितांपैकी पाचांतले सुमारे चार देशाबाहेर राहतात असे मानले जाते.

होड्यांचा काळ १९७०च्या दशकात सुरू झाला आणि त्याच्याबरोबर एक वादही, जो अजून मिटलेला नाही. आंतरराष्ट्रीय कायद्यात निर्वासित म्हणजे छळाच्या रास्त भीतीने देश सोडणारा. पोटासाठी जाणारा त्या व्याख्येत बसत नाही. क्युबातून फ्लोरिडाला येणाऱ्यांना अमेरिकेने पहिल्या वर्गात घातले आणि हैतीतून येणाऱ्यांना दुसऱ्या. अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने १९८१ मध्ये द्युवालिए सरकारशी करार करून समुद्रातच होड्या अडवण्यास सुरुवात केली. पुढच्या दहा वर्षांत वीस हजारांहून अधिक माणसे अडवली गेली, आणि आश्रयाचा अर्ज करण्यासाठी अमेरिकेत येण्याची मुभा मिळालेल्यांची संख्या तीसच्याही आत राहिली. अध्यक्ष झाँ-बेर्त्रां आरिस्तिद यांच्याविरुद्ध १९९१ मध्ये लष्करी बंड झाल्यावर हजारोंना ग्वांतानामोच्या नाविक तळावर तंबूंत ठेवले गेले, आणि खोल समुद्रात अडवून परत पाठवणे कायद्यात बसते, असा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिला.

पोट आणि भीती यांची अशी वाटणी हैतीच्या बाबतीत किती फोल आहे, हे एका जनावराच्या कथेवरून समजते. खेड्यातल्या कुटुंबाकडे लहान चणीचे, काळे, काटक गावठी डुक्कर असे. ते उष्ट्याखरकट्यावर वाढे, त्याला गोठा लागत नसे, आणि शाळा उघडण्याच्या वेळी ते विकून मुलांची फी भरली जाई. आजारपण, लग्न, मयत या सर्वांसाठी तीच बँक होती. डुकरांच्या आफ्रिकी तापाची साथ हैतीत पोहोचल्यावर, ती अमेरिकी कळपांपर्यंत जाऊ नये म्हणून, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशातील सगळी गावठी डुकरे मारली गेली. बदली म्हणून आलेल्या अमेरिकी जातीला फरशी, छप्पर आणि विकतचे खाद्य लागे, आणि माणसांपेक्षा त्यांचीच बडदास्त अधिक म्हणून शेतकऱ्यांनी त्यांना ‘चार पायांचे राजपुत्र’ असे नाव दिले. पुढे १९९०च्या दशकात परदेशी तांदळावरील आयातकर ३ टक्क्यांवर आणला गेला, आर्तिबोनित खोऱ्यातला भातशेतकरी बाजारातून उठला, आणि हे धोरण आपल्या राज्यातल्या शेतकऱ्यांच्या सोयीचे पण हैतीच्या दृष्टीने चुकीचे होते, अशी कबुली अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर दिली. ज्याचे डुक्कर सरकारी माणसांनी मारले, ज्याचा भात आयातीने पाडला आणि ज्याने तक्रार केली तर माकूत दारात उभा राहिला, तो होडीत बसला तेव्हा पोटासाठी बसला की भीतीने, हे ठरवण्याचा अधिकार किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला देणे अन्यायाचेच होते.

जाणारा माणूस एकटा जात नाही. हैतीच्या खेड्यात एका अंगणाभोवती अनेक घरे असलेल्या कुळाच्या वस्तीला ‘लाकू’ म्हणतात, आणि कोणी जायचे याचा विचार बहुधा हे सगळे मिळून करतात. प्रवासाचा पैसा जमिनीचा तुकडा विकून, गाय विकून किंवा ‘सोल’मधून उभा राहतो, सोल म्हणजे मराठी वाचकांच्या परिचयाची भिशीच, जिच्यात ठरावीक माणसे ठरावीक रक्कम टाकतात आणि एकेकाला पाळीने ती सगळी मिळते. हा पैसा म्हणजे कुळाची गुंतवणूक असते आणि तिच्या परताव्याची अपेक्षा उघड असते: पहिल्याने दुसऱ्याला न्यावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि मागे राहिलेल्या मुलांची शाळा चालावी. शाळेची ओढ हैतीत विलक्षण आहे. दहांतल्या आठांहून अधिक शाळा खासगी असून फी भरल्याशिवाय तिथे बसता येत नाही, आणि पत्र्याच्या झोपडीतूनही मुले कडक इस्त्रीच्या गणवेशात, पांढऱ्याशुभ्र मोज्यांत बाहेर पडतात. ‘तू मून से मून’, म्हणजे प्रत्येक माणूस माणूसच आहे, ही तिथली म्हण आहे, पण ती इतक्या निक्षून सांगावी लागते यातच गरिबाला माणसांत धरले जात नाही हे दुखणे दडलेले आहे. शिकणे, पक्के घर बांधणे, चार जणांना हात देणे या मार्गांनी माणूस ‘मून’ ठरतो, आणि पैलतीराची वाट या मार्गांपर्यंत नेईल अशी आशा असते.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात किंवा मायामीत दिवसा रुग्णालयात आणि रात्री एखाद्या वृद्धाच्या उशाशी काम करणाऱ्या बाईच्या दोन खोल्यांत, दाराआडच्या कोपऱ्यात, निळ्या प्लास्टिकचे एक पिंप उभे असते. पगाराच्या दिवशी त्यात थोडी भर पडते: तांदळाची पिशवी, तेलाचा डबा, साबणाच्या वड्या, टूथपेस्ट, शेवयांची पुडकी, आणि ज्यांच्या पायांचे माप मागच्या वर्षीचे आहे अशा मुलांसाठी एक नंबर मोठे घेतलेले शाळेचे बूट. पिंप भरायला महिने लागतात, मग झाकण बसवून ते जहाजाने रवाना होते. फोन दुर्मीळ होते आणि अनेकांना लिहिता येत नव्हते त्या काळात निरोप कॅसेटवर बोलून पाठवले जात. अंगणात सगळे जमून ती ऐकत, आणि दुसऱ्या बाजूवर आपले निरोप, मागण्या व देवाधर्माच्या खर्चाची आठवण भरून कॅसेट परत पाठवत. आवाज पोहोचत होता, माणूस पोहोचत नव्हता. प्रसिद्ध लेखिका एडविज दांतिका यांचे आईवडील त्यांच्या अगदी लहानपणी न्यूयॉर्कला गेले आणि त्यांना स्वतःला वयाच्या १२व्या वर्षापर्यंत पोर्तोप्रिन्समध्ये काकांकडे वाट पाहावी लागली. पुढे तेच काका, वयाच्या ८१व्या वर्षी, २००४ मध्ये आश्रय मागत फ्लोरिडात उतरले आणि स्थलांतर विभागाच्या कोठडीत असतानाच वारले.

पाठवलेल्या पैशातून जे घर उभे राहते ते पाहण्यासारखे असते. सिमेंटच्या ठोकळ्यांचे, पुढे व्हरांडा आणि खिडक्यांना नक्षीचे गज असलेले हे घर सहसा एका दमात होत नाही. एका वर्षी पाया, दुसऱ्या वर्षी भिंती, आणि स्लॅब पडल्यावरही वर निघालेल्या सळया तशाच सोडलेल्या असतात, कारण कधीतरी वरचा मजला चढवायचा असतो. मालक परदेशात भाड्याच्या खोलीत राहतो आणि या घरात त्याची म्हातारी आई किंवा एखादा राखणदार. निवृत्तीनंतर इथे येऊन व्हरांड्यात बसायचे, गावाने आपल्याला ओळखावे, आणि शेवटी कुळाच्या जमिनीतच माती मिळावी, ही त्याची इच्छा त्या सळयांच्या टोकांवर गंजत उभी असते.

परतलेल्या माणसाला हैतीत ‘द्यास्पोरा’ म्हणून हाक मारली जाते. जगभर एका समूहासाठी वापरला जाणारा हा शब्द तिथे एकेका माणसाचे नाव झाला आहे, आणि त्यात कौतुक, अपेक्षा व थोडा दुरावाही असतो. आरिस्तिद यांनी या परदेशस्थांना देशाचा ‘दहावा विभाग’ म्हटले, कारण त्या वेळी देशात नऊ प्रशासकीय विभाग होते. १९९४ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र मंत्रालयही निघाले. आज ते वर्षाला तीन अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम घरी पाठवतात आणि ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढी आहे. असे असूनही १९८७च्या राज्यघटनेने दुहेरी नागरिकत्व नाकारले होते, आणि ती बंदी उठायला २०१२ उजाडावे लागले. त्याआधीच, २०११ मध्ये, अध्यक्ष मार्तेली यांच्या सरकारने मोफत शिक्षणाच्या नावाने परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रकमेवर दीड डॉलर आकार लावला. पैसा देशाचा आणि माणूस परका, ही वागणूक या लोकांच्या मनाला फार लागलेली आहे.

पोर्तोप्रिन्स परिसर उद्ध्वस्त करणाऱ्या १२ जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर वाटा दक्षिणेकडे वळल्या, आणि त्याला ओढीचाही भाग होता. ब्राझील हैतीत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे लष्करी नेतृत्व करत होता, आणि ऑगस्ट २००४ मध्ये रोनाल्डो व रोनाल्डिन्यो चिलखती गाड्यांवरून पोर्तोप्रिन्सच्या रस्त्यांतून फुटबॉल सामना खेळायला गेले तेव्हा शहर लोटले होते. ब्राझीलने २०१२ मध्ये मानवतावादी व्हिसा सुरू केला. विश्वचषक आणि ऑलिंपिकच्या बांधकामांवर हात हवे होते. कामे संपली, मंदी आली, तशी माणसे चिलीकडे गेली आणि २०१७ या एका वर्षात लाखाहून अधिक हैतीवासी तिथे उतरले. पुढच्याच वर्षी चिलीने नियम कडक केले. मग उरली ती उत्तरेची पायवाट: कोलंबिया आणि पनामा यांच्यामधले दारिएनचे रस्ता नसलेले जंगल, जे २०२१ मध्ये सव्वा लाखाहून अधिक लोकांनी ओलांडले आणि त्या लोकांत हैतीचा गट सर्वांत मोठा होता. त्यांच्या कडेवरच्या अनेक मुलांचा जन्म चिलीतला किंवा ब्राझीलमधला होता आणि हैती त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. सप्टेंबर २०२१ मध्ये टेक्सासच्या देल रियो गावातील पुलाखाली जमलेल्या सुमारे १५ हजारांपैकी बहुतेक जण असेच वर्षानुवर्षे दक्षिण अमेरिकेत राहिलेले होते. त्यांना रोजगार कुठे ना कुठे मिळत होता. हवा होता तो कागद, ज्याच्या आधारावर मूल शाळेत घालता येईल, घर भाड्याने घेता येईल आणि आईच्या अंत्यविधीला जाऊन परत येता येईल.

अध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची ७ जुलै २०२१ रोजी हत्या झाली आणि राजधानीचा मोठा भाग सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेला. घरदार सोडून देशातच विस्थापित झालेल्यांची संख्या २०२५च्या सुरुवातीला दहा लाखांवर पोहोचली. अमेरिकेतील हमीदाराच्या आधारावर दोन वर्षे येऊ देणारी योजना जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा पारपत्र कचेरीवर माणसांची रीघ लागली, आणि उरलेल्या शिक्षक, परिचारिका व पोलिसांपैकीही अनेक जण निघून गेले. ती योजना आता बंद झाली आहे, जून २०२५ मध्ये अमेरिकेने हैतीच्या नागरिकांच्या प्रवेशावर जवळजवळ सरसकट बंदी घातली, आणि डोमिनिकन सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये आठवड्याला दहा हजार माणसे परत पाठवण्याचे जाहीर केले. पूर्वी जाणारा माणूस परत येण्याच्या बोलीवर जात असे. आता टोळ्यांनी वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या केल्या आहेत, आणि ब्रुकलिनमध्ये पिंप भरणाऱ्या बाईला ते पोहोचवायचे कुठे, असा प्रश्न पडतो.

हैतीचा फुटबॉल संघ १९७४ नंतर प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला, तो १८ नोव्हेंबर २०२५ रोजी. याच तारखेला १८०३ मध्ये व्हर्तियेरच्या लढाईत फ्रेंच सैन्याचा अखेरचा पराभव झाला होता. संघातले अनेक खेळाडू फ्रान्समध्ये आणि अन्यत्र स्थलांतरितांच्या घरी जन्मलेले होते, आणि मायदेशी मैदान सुरक्षित उरले नसल्यामुळे आपले ‘घरचे’ सामने त्यांनी सुमारे आठशे किलोमीटर दूर, क्युरासाओ बेटावर खेळले. त्या रात्री पोर्तोप्रिन्समध्ये, दिवस मावळल्यावर बाहेर पडायला धजत नसलेली माणसे रस्त्यावर आली आणि उशिरापर्यंत नाचत राहिली.